हेल्मेट घालाच, पण दंड कशाला?

'हेल्मेटसक्ती' हा शब्द आपल्याला पुण्याने दिला. तिथला वाद मोटरसायकल-स्कूटरचा, आणि त्यात मी सक्तीच्या बाजूचा आहे. मेलबर्नला आल्यावर मात्र तोच शब्द आपण जसाच्या तसा सायकललाही लावतो, आणि इथे जरा थांबायला हवे. 1 जुलै 1990 रोजी व्हिक्टोरियाने सायकलस्वारांना हेल्मेट बंधनकारक केले. राज्यभर असा कायदा करणारे हे जगातले पहिले सरकार. पुढच्या दोनएक वर्षांत बाकीची राज्ये मागोमाग आली, 1994 मध्ये न्यूझीलंडही. तेव्हापासून दोन प्रश्न एकमेकांत गुंतून बसले आहेत: हेल्मेट डोके वाचवते का, आणि न घालणाऱ्याला दंड करावा का? पहिल्याला 'हो' म्हटले की दुसऱ्याचेही उत्तर मिळाले, असे आपण धरून चालतो.

पहिल्या प्रश्नाबद्दल माझ्या मनात शंका नाही. हेल्मेटच्या आतला पांढरा थर म्हणजे थर्माकोलचाच भाऊबंद. डोके आपटले की तो दबतो, आणि दबायला लागणाऱ्या त्या काही क्षणांशांत कवटीला बसणारा दणका ओसरतो. दबलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणूनच एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून द्यायचे असते. न्यू साऊथ वेल्स विद्यापीठातील जेक ऑलिव्हियर आणि प्रुडन्स क्रेटन यांनी 40 अभ्यासांतली 64,000 हून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता सुमारे 69 टक्क्यांनी कमी आढळली. हेल्मेट पाहून मोटारवाले अधिक जवळून जातात, असा आक्षेप इंग्लंडमधल्या इयन वॉकर यांच्या 2007 च्या अभ्यासाच्या आधारे घेतला जातो. त्यात फरक निघाला होता सरासरी साडेआठ सेंटिमीटरचा. तेवढ्यासाठी वरचे 69 टक्के सोडून द्यावेत, हे मला पटत नाही. मात्र हेही तितकेच खरे की इथल्या प्रमाणित चाचणीत हेल्मेट साधारण दीड मीटरवरून पाडतात, म्हणजे आदळताना वेग ताशी 20 किलोमीटरच्या आसपास. साठच्या वेगाने येणाऱ्या गाडीची धडक झेलण्यासाठी ते बनवलेलेच नाही.

दुसऱ्या प्रश्नाचा पुरावा वेगळा आहे आणि तो इतका सरळ नाही. कायदा आला आणि वर्षभरात व्हिक्टोरियात हेल्मेट घालणाऱ्यांचे प्रमाण 31 टक्क्यांवरून 75 टक्क्यांवर गेले. डोक्याच्या दुखापतीही घटल्या. पण त्याच काळातल्या मेलबर्नच्या पाहण्यांत सायकल चालवणारी किशोरवयीन मुले एक-तृतीयांशाहून अधिक घटलेली दिसली. शिवाय त्याच सुमारास राज्यात वेग पकडणारे कॅमेरे आणि मद्यपी चालकांवरची कडक कारवाईही सुरू झाली होती. मग दुखापती हेल्मेटमुळे किती टळल्या, रस्ते सुरक्षित झाल्यामुळे किती, आणि पोरांनी सायकलच सोडल्यामुळे किती? हा हिशेब आजही नीट सुटत नाही. मुलांनी सायकल सोडण्याला दुसरी कारणे असतील, हे मान्य. पण जो कायदा सगळ्या प्रौढांना सगळीकडे दंड लावतो, त्याच्या बाजूने याहून भक्कम पुरावा मागायला नको का?

भाड्याच्या सायकलींचे उदाहरण पाहा. मेलबर्नची सार्वजनिक सायकल योजना 2010 मध्ये सुरू झाली आणि 2019 मध्ये बंद पडली. स्टेशनवरून दहा मिनिटांच्या अंतरावर जाणारा माणूस ऑफिसच्या बॅगेत हेल्मेट घेऊन फिरत नाही. म्हणून दुकानांतून 5 डॉलरला हेल्मेटे विकली, नंतर सायकलींवरच ठेवून पाहिली. तरी योजना म्हणावी तशी धावली नाही. सक्ती हे एकमेव कारण नव्हते, पण आड आलेले एक कारण नक्कीच होते.

'दुखापतीचा खर्च मेडिकेअरमधून, म्हणजे सगळ्यांच्या खिशातून जातो,' हा सक्तीवाल्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा. पण सायकल सोडून गाडीत बसलेल्या माणसाचा मधुमेह आणि हृदयविकारही त्याच खिशातून जातो. हिशेब मांडायचा तर पुरा मांडावा. 'सूट दिली की सगळेच हेल्मेट काढतील' ही भीती खोटी नाही. काही जण काढतीलच. म्हणून मी कायदाच रद्द करा म्हणत नाही. नॉर्दर्न टेरिटरीत पदपथावर आणि रस्त्यापासून वेगळ्या सायकलमार्गावर प्रौढांना हेल्मेटची सक्ती नाही. मोटारींच्या रस्त्यावर आहे, मुलांना सगळीकडे आहे. जिथे धोका मोठा तिथे बंधन, ही रेषा मला न्याय्य वाटते. व्हिक्टोरियाने ती स्वीकारावी आणि असे वेगळे मार्ग वाढवावेत. एप्रिल 2021 पासून इथे मोटारवाल्याने सायकलपासून किमान एक मीटर अंतर ठेवायचे आहे. वेगमर्यादा साठच्या वर असेल तिथे दीड मीटर. उघडे डोके पोलिसाला लांबूनही दिसते, पण ते अंतर भरधाव गाडीच्या बाजूला कुणी मोजायचे? मधे सिमेंटचा कठडा असला, तर ते मोजावे लागत नाही.