डिस्क विकण्याआधी तपासणी विका

गॅरेज टाकायचंय म्हणणाऱ्यांना मी एक प्रश्न हमखास विचारतो. ब्रेक दाबल्यावर पॅडल थरथरतं अशी गाडी आली, तर काय कराल? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "डिस्क वाकलीय, बदलून टाकू." माझ्या मते धंद्याचा तोटा इथूनच सुरू होतो.

डिस्क सहसा वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पायाला मात्र कळतो. हबवर गंज असला किंवा चाकाचे नट कमी-जास्त आवळलेले असले की डिस्क किंचित तिरकी फिरते, दर फेरीला त्याच जागी पॅडला घासते आणि तिथेच झिजते. गंज तसाच ठेवून नवी डिस्क टाकलीत, तर काही महिन्यांत गिऱ्हाईक तीच तक्रार घेऊन दारात. दुसऱ्या वेळची मजुरी कोणाच्या खिशातून? तुमच्याच.

म्हणून क्रम सोडू नका. आधी गाडी स्वतः चालवा. ब्रेक मारताना स्टिअरिंग हलतंय, तर संशय पुढच्या चाकांवर. फक्त सीट आणि पॅडल थरथरतंय, तर मागची चाकं बघा. ब्रेक न मारताही गाडी थरथरत असेल, तर टायर आणि बॅलन्सिंग तपासा. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावरच पॅडल धडधडत असेल, तर ते एबीएसचं काम आहे, बिघाड नाही.

मग चाक काढा. मायक्रोमीटरने जाडी आठ ठिकाणी मोजा, डायल गेजने डगमग बघा. डगमगीची मर्यादा बऱ्याच गाड्यांत 0.05 ते 0.10 मिमीच्या आसपास असते. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. जास्त आली तर हब घासून परत मोजा. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते. त्याखाली गेली, तर बदलाच. शेवटी नट समोरासमोरचे, टॉर्क रेंचने आवळा.

"पण सर, तपासणीचे पैसे कोण देतं?" आकडे कागदावर लिहून दाखवा, लोक देतात. आणि ते पैसे बिलातून वजा करू नका. कमाई फक्त पार्टवर असली, की प्रत्येक गाडीत पार्टच खराब दिसायला लागतो. तपासणीचे पैसे घेणारा माणूसच "तुमची डिस्क चांगली आहे" असं बिनधास्त सांगू शकतो. असं एकदा ऐकलेलं गिऱ्हाईक दुसरं गॅरेज शोधत नाही.