छोट्या इंजिनाची परीक्षा



कल्याणहून एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांचा भाऊ नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. त्याने भाच्यासाठी तिकडून एक जुने, वापरलेले मॉडेल इंजिन, चार डबे आणि रुळांचा संच आणला. महिनाभर गाडी बरी चालली. आता इंजिन अडखळते, मध्येच थांबते आणि बोटाने ढकलले की पुन्हा सुटते. घरच्यांनी निकाल दिला, पोराने मोडले. आठवीतल्या त्या मुलाला बोलणी बसली आणि गाडी कपाटावर गेली. दोष पोराचा की इंजिनाचा, हे कसे ओळखावे, असे ताई विचारतात.

आपल्याकडे हे खेळणे वाटते. पण अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, जपान या देशांत हा मोठ्या माणसांचा छंद आहे. अमेरिकेतल्या छांदिष्टांनी १९३५ साली राष्ट्रीय संघटना काढली आणि रूळ व चाके यांची मापे ठरवून दिली, म्हणजे एका कंपनीचे इंजिन दुसऱ्या कंपनीच्या रुळावर चालावे. तिथले ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक १९३४ साली सुरू झाले. नव्या इंजिनाचे परीक्षण करताना ‘इंजिन छान आहे’ एवढ्यावर त्यांचे भागत नाही. किती व्होल्टला किती वेग, ओढण्याची ताकद किती, हे मोजून छापतात. खोक्यावर लिहिले आहे किंवा दुकानदार सांगतो म्हणून मानायचे नाही, स्वतः तपासायचे. कालामांना भगवान बुद्धांनी जे सांगितले ते माहीत असलेल्या आपल्या वाचकांना ही रीत परकी वाटू नये.

इंजिन सुसाट पळाले की मुले टाळ्या वाजवतात. जाणकार मात्र ते किती हळू चालते हे बघतात. जोरात कोणतेही इंजिन पळते. खरी परीक्षा अगदी कमी विजेवर होते.

हिशेब सोपा आहे. सर्वांत प्रचलित ‘एचओ’ मापाची गाडी खऱ्या गाडीच्या ८७ वा भाग असते आणि तिच्या दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असते. खरे इंजिन माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी ५ किलोमीटरने चालले, तर त्या प्रमाणात छोट्या इंजिनाला एक मीटर जायला सुमारे ६३ सेकंद लागले पाहिजेत. ताशी ६० किलोमीटरसाठी तेच अंतर ५ सेकंदांत. जमिनीवर खडूने एक मीटरच्या खुणा करा आणि हातात घड्याळ घ्या. एका मिनिटाच्या आसपास, न थांबता, न हिसकता जे इंजिन तो मीटर पार करते, ते उत्तम. ३० सेकंद लागले तरी चांगलेच म्हणायचे. मग तेच उलट दिशेने करून बघा. एकाच दिशेला नीट चालणारी इंजिने पुष्कळ असतात.

हे साधते ते आतल्या यंत्रामुळे. मोटरला तीनऐवजी पाच पोल असले तर ती हळू फिरतानाही हिसके देत नाही. मोटरच्या दांड्यावर जड पितळी चाक, म्हणजे फ्लायव्हील असले, तर वीज बंद केल्यावर इंजिन ठपकन थांबत नाही, थोडे पुढे सरकून थांबते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वीज किती चाकांतून घेतली जाते. स्वस्त इंजिनात ती मोजक्याच चाकांतून येते. त्यातून पकड वाढावी म्हणून एखाद्या चाकाला रबर चढवलेले असते. त्या रबरातून वीज जात नाही, म्हणजे ओढण्याचा फायदा आणि विजेचा तोटा. सांध्यावर प्लॅस्टिकचा तुकडा आला की असे इंजिन हमखास थांबते.

ताकदीची परीक्षा शेवटी घ्या. इंजिन बोटाने अडवून वीज हळूहळू वाढवा. चाके जागच्या जागी घसरून फिरली पाहिजेत. चाके न फिरता मोटर नुसती गुणगुणली तर वीज लगेच बंद करा, नाहीतर मोटर जळेल.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो. ढकलल्यावर पुन्हा सुटते, म्हणजे मोटर जिवंत आहे. बहुधा वीज पोहोचत नाही. आपल्या समाजाला रेल्वे नवी नाही. १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांच्या नोकऱ्यांचा प्रश्न मांडला, तेव्हा आपले कितीतरी लोक गँगमन होते. घरात कोणी जुना गँगमन असेल तर त्याला विचारा. गाडीला धक्का बसला की तो आधी रूळ बघतो. इथे मात्र रुळावर धूळ आणि दोष इंजिनाला, इंजिनावरून पोराला! हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

ताईंनी आधी सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसावेत. मग इंजिन उलटे धरून चाकांवरचा काळा थर काढावा. खरखरीत पॉलिश कागद वापरू नये, ओरखड्यांत मळ जास्त साचतो. रुळांचे जोड घट्ट आहेत का पाहावे. त्यानंतर अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे, मध्यम वेगाने इंजिन नुसते फिरू द्यावे. मगच एक मीटरची परीक्षा. पुसण्यापूर्वीची आणि नंतरची वेळ मुलालाच वहीत लिहायला सांगा. तरीही ठरावीक अंतराने तोच हिसका आला तर गिअर तुटका आहे किंवा त्याच्या दातांत केस, धागा अडकला आहे. शिवणयंत्राचे तेल ओतू नका. प्लॅस्टिकला चालणारे तेल सुईच्या टोकावर येईल तेवढेच पुरते.

पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. सुटीत मुलांना घेऊन गेलात तर गाड्या सुटताना आणि थांबताना नीट बघायला सांगा.