उसने वीर

अलिबागच्या किनाऱ्यावरील एखाद्या शाळेत गुरुजी वह्या तपासावयास बसतात. गणिताच्या वहीची पाने उलटता उलटता शेवटच्या पानांवर त्यांची दृष्टी खिळते. तेथे त्रैराशिकाऐवजी एक गोष्ट लिहिलेली असते. अद्भुत सामर्थ्य लाभलेले काही किशोर वीर एकत्र येऊन दुष्टांचे पारिपत्य करीत असतात. त्यांतील एक वाऱ्याहून वेगाने धावतो, तर दुसरा माशाप्रमाणे सागराच्या तळाशी संचार करतो. नावे परिचित असतात. ती चित्रकथांतून आणि पडद्यावरून घरोघरी पोचलेली असतात.

"हे वीर तर दुसऱ्यांनी निर्माण केलेले. यात तुझे काय?" गुरुजी विचारतात. मुलगा खाली मान घालून उभा राहतो. वही मिटली जाते आणि पुष्कळदा तिच्याबरोबर त्या मुलाचे लिहिणेही कायमचे मिटते.

गुरुजींचा प्रश्न वावगा नाही. वावगे एवढेच, की तो निकाल म्हणून उच्चारला जातो. त्याचे उत्तर मुलाने शोधावे अशा अपेक्षेने तोच प्रश्न विचारला गेला, तर त्याच्याइतका उपयुक्त प्रश्न दुसरा नाही. दुसऱ्याचा वीर घेऊन लिहिलेल्या गोष्टीत लिहिणाऱ्याचे स्वतःचे असे काय असू शकते?

प्रथम त्या वीरांचीच जन्मकथा पाहावी. 1964 साली अमेरिकेतील एका चित्रकथांच्या नियतकालिकात रॉबिन, किड फ्लॅश व अ‍ॅक्वालॅड हे तीन किशोर प्रथम एकत्र आले. पुढच्याच वर्षी त्यांच्या मेळ्यास 'टीन टायटन्स' हे नाव मिळाले. परंतु हे तिघे त्या कथेसाठी नव्याने घडविलेले नव्हते. रॉबिन 1940 पासून बॅटमनचा सोबती म्हणून प्रसिद्ध होता. किड फ्लॅश 1959 साली आणि अ‍ॅक्वालॅड 1960 साली निरनिराळ्या कथांतून अवतरले होते. तयार असलेल्या पात्रांना एकत्र आणले, तर त्यांच्यात मैत्री कशी जुळेल, मतभेद कोठे होतील, हा नवा विचार तेवढा 1964 च्या लेखकाचा होता. म्हणजे वीर जुने असले, तरी गोष्ट नवी होती.

ही रीत मराठी साहित्यास मुळीच परकी नाही. गोकुळातील कृष्ण-बलराम आणि त्यांचे सवंगडी हाही किशोर वीरांचा एक मेळाच होय. या मेळ्यातील लंगडा, भोळा पेंद्या महाराष्ट्रात सर्वांच्या ओळखीचा आहे. पण मूळ भागवतात तो या रूपाने आढळत नाही. गौळणी, लळिते आणि तमाशा यांतून मराठी मनाने त्याला आकार दिला. कृष्ण उसना होता. पेंद्या मात्र आपल्या मातीचा. पराक्रमी सवंगड्यांच्या घोळक्यात एक अडखळत चालणारा मुलगाही असावा आणि देवाने त्यालाही आपल्या शिदोरीत वाटेकरी करावे, ही कल्पना ज्यांना सुचली, त्यांना नक्कल करणारे कोण म्हणेल?

मोरोपंतांचे उदाहरण याहून नवलाचे आहे. या पंडित कवीने रामायणाची कथा एकशेआठ प्रकारांनी सांगितली, अशी त्याची ख्याती आहे. त्यांपैकी एक 'निरोष्ठ रामायण' होय. ओठाला ओठ लावून उच्चारावयाची प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात टाळावयाची होती. आता 'म' वर्ज्य केला, की कथानायकाचे 'राम' हे नावच घेता येत नाही! नायक उसना, कथा उसनी; तरीही कवीने स्वतःवर घालून घेतलेले बंधन आणि त्यातून काढलेली वाट ही सर्वस्वी त्याची होती.

भा. रा. भागवत यांनी निर्माण केलेला फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, यालाही पुढे दुसऱ्या हातांनी चालविले. भागवत 2001 साली निवर्तले. 2017 साली आलेल्या चित्रपटात फेणे तरुण झालेला दिसतो आणि गंमत अशी, की त्या चित्रपटात भागवत हेही एक पात्र होऊन वावरतात. ज्याने वीर घडविला, तोच त्या वीराच्या नव्या गोष्टीत जाऊन बसला!

तथापि उसना वीर आणला म्हणजे गोष्ट साधली, असे नव्हे. पुष्कळ मुलांच्या गोष्टी फसतात त्या येथेच. वीराच्या अंगी अचाट बळ आहे हे ठाऊक असल्यामुळे प्रत्येक संकट ते एका ठोशात संपवितात. मग वीर थकत नाही, चुकत नाही, घाबरत नाही आणि वाचणाऱ्यालाही त्याची काळजी वाटत नाही. ज्या गोष्टीत वीराचे सर्व बळ चालते, त्या गोष्टीत लेखकाच्या बुद्धीस काही काम उरत नाही. म्हणून वीर उसना घेताना त्याच्या सामर्थ्याबरोबर त्याचे उणेही घ्यावयास हवे.

त्या जलचर अ‍ॅक्वालॅडचेच पाहावे. जुन्या चित्रकथांत त्याला एक मर्यादा घातलेली होती: पाण्याबाहेर तो एका तासापलीकडे तग धरू शकत नसे. आता रायगडच्या किनाऱ्यावरील मुलाने वा मुलीने त्याला अलिबागच्या समुद्रात आणला, तर काय होईल? समोर कुलाबा किल्ला आहे. एके काळी ते आंगऱ्यांच्या आरमाराचे ठाणे होते. भरतीच्या वेळी तो पाण्याने वेढला जातो आणि ओहोटी लागली, की किनाऱ्यावरून पायी चालत तेथे जाता येते. समजा, शत्रूंनी त्या वीराला जखमी करून किल्ल्याच्या तटाआड कोंडले आहे. पाण्याशिवाय त्याचा घटका-घटका जीव जात आहे. त्याचे वेगवान सोबती दूर आहेत. अशा वेळी त्याला कोण वाचवील?

किनाऱ्यावरची एखादी कोळ्याची मुलगी वाचवील. ओहोटी केव्हा लागते, हे तिला घड्याळावाचून समजते. भरती-ओहोटीची वेळ दररोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, हे ती आजोबांच्या होडीत बसून शिकलेली आहे. खडक कोठे निसरडे आहेत आणि पाऊल कोठे रुतते, हे तिच्या पायांना ठाऊक आहे. मुख्य म्हणजे, खाऱ्या पाण्याने वेढलेल्या त्या किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याचा तलाव आहे, हे ती जाणते. परदेशातील कथाकाराला हे कोठून सुचावे? येथे वीर त्यांचा असला, तरी ओहोटी, किल्ला, तलाव आणि ती धीट मुलगी ही लिहिणाऱ्याची स्वतःची दौलत आहे. गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर हेच होय.

काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. दुसऱ्याची वाक्ये उतरवून आपली म्हणून दाखविणे ही चोरी होय. तिला कल्पनाशक्तीचे नाव देता येत नाही. वीर कोणाचा, हे गोष्टीच्या आरंभी प्रामाणिकपणे सांगावे. शिवाय अशा पात्रांवर त्यांच्या निर्मात्यांचा कायदेशीर हक्क असतो. भारतात लेखकाच्या साहित्यावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. वहीत लिहावे, मित्रांना वाचून दाखवावे. पण परवानगीवाचून त्या गोष्टीचे पुस्तक काढून ते विकू नये. रामकथेसारखा सर्वांचा ठेवा आणि एखाद्या लेखकाची अलीकडील निर्मिती यांतील हा भेद विद्यार्थ्यांनी जाणला पाहिजे.

पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या कमरेस आरंभी सुकड्या बांधतात. त्यांच्या आधाराने हातपाय हलवावयास तो शिकतो आणि एके दिवशी त्या सोडून देतो. उसने वीर हे लेखनातील असेच सुकड्यांचे जोड आहेत. कुलाबा किल्ल्याच्या गोष्टीतील ती कोळ्याची मुलगी दुसऱ्या गोष्टीत अधिक बोलू लागेल, तिसऱ्या गोष्टीत होडी स्वतः हाकील आणि चौथ्या गोष्टीत परदेशी वीराची आठवणही कोणास होणार नाही. परंतु त्यासाठी पहिली गोष्ट लिहिली जावयास हवी आणि ती लिहिलेली वही कोणी रागाने मिटता कामा नये. गणिताच्या वहीत गोष्ट लिहू नये, हे सांगणे शिक्षकांचे कर्तव्यच आहे. पण ते सांगताना गोष्टीसाठी एक कोरी वही मुलाच्या हाती दिली, तर ते कर्तव्य पुरे होईल.