गाडीतील सुवास: आधी स्वच्छता, मग सुगंध

पेढीवर आलेल्या पाहुण्याचे स्वागत पाण्याच्या पेल्याने होते; गाडीत बसणाऱ्याचे स्वागत मात्र वासाने होते. दार उघडताच येणारी पहिली झुळूक गाडीची निगा आणि घरातील टापटीप यांविषयी न बोलता बरेच काही सांगून जाते. हा वास गाडीच्या मालकाला मात्र क्वचितच जाणवतो. एकाच वासात काही मिनिटे राहिले की नाक त्याची दखल घेणे सोडून देते. म्हणूनच गाडीची खरी परीक्षा घ्यावी ती सकाळी, रात्रभर बंद असलेले दार प्रथम उघडताना, पहिल्याच श्वासात.

व्यापारी कुटुंबाच्या गाडीला विश्रांती कमी आणि कामे अनेक. सकाळी तिच्यातून हळद, मिरची, हिंग वा नव्या कापडाचे नमुने जातात, दुपारी घामेजलेली मुले दप्तरांसह परततात, सुटीच्या दिवशी तीच गाडी डबे, दुधाच्या बाटल्या आणि आजी-आजोबांना घेऊन यात्रेला निघते. इतक्या वासांचे मिश्रण बंद काचांत कोंडले की बाजारातून एखादी सुगंधी बाटली आणली जाते आणि दुर्गंधावर उग्र सुगंधाचे पांघरूण पडते. बाहेर 35 अंश तापमान असताना उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तासाभरात पारा 50 अंशांच्या पुढे जाऊ शकतो. एवढ्या उष्णतेत त्या बाटलीतील रसायने झपाट्याने उडतात आणि लहानशा जागेत दाटतात. कोणाचे डोके दुखते, दम्याच्या रुग्णाला धाप लागते, घाटात मुलांना मळमळते. दोष रस्त्याला दिला जातो. कारण आरशाला लटकत असते.

वास घालवायचा तर प्रथम त्याचे मूळ शोधावे. पावसाळ्यात ते बहुधा मॅटखाली असते. ओल्या छत्र्या आणि चपलांचे पाणी गालिच्यात मुरते व तेथे बुरशी धरते. मॅट उचलून उन्हात वाळवाव्यात, खाली जुने वर्तमानपत्र अंथरून ते रोज बदलावे. पाऊस नसतानाही पुढच्या डाव्या आसनाखालील गालिचा ओला लागत असेल, तर एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असण्याचा संभव असतो. ती मेकॅनिककडून साफ करून घ्यावी.

एसी सुरू करताच ओल्या मोज्यांसारखा वास येत असेल, तर दोष आतल्या थंड होणाऱ्या जाळीचा, म्हणजे कॉइलचा असतो. तिच्यावर साचलेल्या दमटपणात बुरशी वाढते. मुक्कामाच्या तीन-चार मिनिटे आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला की कॉइल वाळते. या सवयीला एक पैसाही लागत नाही. बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूच्या खणामागे हवेचा फिल्टर असतो. तो साधारणपणे वर्षातून एकदा बदलावा. धुळीच्या रस्त्यांवर फिरणे असेल तर त्याहून लवकर. आतलीच हवा फिरवणारे बटण सतत चालू न ठेवता अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी.

मूळ नाहीसे केल्यावर उरलेल्या वासासाठी स्वयंपाकघराकडे वळावे. खाण्याचा सोडा यात अग्रेसर आहे. सांडलेले दूध वा ताक आंबते, तेव्हा त्यात आम्ले तयार होतात आणि सोडा आम्लाला निष्प्रभ करतो. म्हणजे वास झाकला जात नाही, त्याचे मूळ द्रव्यच बदलते. डाग आधी ओल्या फडक्याने टिपून घ्यावा, तो वाळल्यावर कोरडा सोडा पसरावा आणि रात्रभर ठेवून सकाळी व्हॅक्यूम क्लीनरने वा ब्रशने काढून टाकावा. डिकीत मसाल्यांच्या पोत्यांचा वास बसला असेल, तर लाकडी कोळशाचे तुकडे जाड सुती पिशवीत बांधून तेथे ठेवावेत. कोळशाच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागावर वासाचे कण चिकटून राहतात. याच कामासाठी तयार केलेला सच्छिद्र कोळसा बाजारात मिळतो. तो साध्या कोळशापेक्षा कितीतरी प्रभावी असतो. पिशवी मधूनमधून कडक उन्हात ठेवली की पुन्हा उपयोगी पडते. भाजलेले कॉफीचे दाणेही पिशवीतून ठेवता येतात. त्यांचा स्वतःचा गंध सौम्य आणि बहुतेकांना प्रिय असतो.

गाडी निर्गंध झाली की मगच सुगंधाचा विचार करावा, तोही बेताने. दहा-बारा लवंगा, दालचिनीचे दोन तुकडे आणि लिंबाची वा संत्र्याची साल मलमलीच्या पुरचुंडीत बांधून आसनाच्या मागच्या खिशात ठेवावी. साल आधी कडकडीत वाळवलेली असावी. ओलसर साल दोन दिवसांत बुरशीची आणि मग नव्या वासाची धनी होते. कपडे वाळत घालण्याच्या लाकडी चिमट्यावर निलगिरी तेलाचे दोन थेंब टाकून तो चिमटा एसीच्या झडपेला लावला तरी पुरतो. मात्र तेल चिमट्याच्या बाहेरच्या टोकाला लावावे. लिंबूवर्गीय तेलांनी तर प्लॅस्टिक मऊ पडून डाग उमटतात. मोगऱ्याचा गजरा एक दिवसाचा पाहुणा समजावा, सुकताच काढावा.

नैसर्गिक ते सर्व निर्धोक, हा समज मात्र सोडावा लागतो. कापूर पूजेच्या तबकात शोभतो, डॅशबोर्डवर नव्हे. तो चटकन पेट घेतो आणि लहान मुलाच्या पोटात अल्प प्रमाणात गेला तरी थोड्याच वेळात झटके येऊ शकतात. पांढऱ्या वड्या मुलांना गोळ्यांसारख्या दिसतात, हे विसरू नये. निलगिरीच्या तेलाची बाटलीही म्हणून घरी, उंच फळीवरच असावी. डांबर गोळ्या तर गाडीत मुळीच नकोत. त्यांतील नॅप्थलीनमुळे काही बालकांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. जन्मतःच एका विकराची कमतरता असलेल्या मुलांना हा धोका विशेष असतो. सोडा वा कोळसा काचेच्या बरणीत ठेवू नये. अचानक ब्रेक लागला तर बरणी उडते, वा घरंगळत जाऊन चालकाच्या पायाखालच्या पॅडलमागे अडकते. कापडी पुरचुंडीच बरी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गाडीतील काही वास घालवायचे नसतात, ऐकायचे असतात. सीएनजी हा वायू मुळात गंधहीन असतो. गळती तत्काळ कळावी म्हणून त्यात मुद्दाम कुजक्या वासाचे द्रव्य मिसळलेले असते. स्वयंपाकाच्या गॅसच्या बाबतीतही हीच योजना असते. उग्र सुगंधाने भरलेल्या गाडीत ही सूचना दबून जाऊ शकते. असा वास आला तर गाडी मोकळ्या जागी थांबवावी, इंजिन बंद करावे, दारे उघडून सर्वांनी उतरून दूर उभे राहावे आणि जाणकाराने तपासल्याशिवाय गाडी पुन्हा सुरू करू नये. पाकासारखा गोडसर वास इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या गळतीचा असू शकतो, जळक्या रबराचा वास पट्ट्याचा वा वायरींचा. धुराचा वास आत येत असेल तर विलंब नकोच. धुराबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा गंध नसतो, आणि तो बेसावध माणसाचा प्राण घेऊ शकतो.

घरातील ज्येष्ठांना मंद सुगंध आवडत असेल तर पुरचुंडी जरूर ठेवावी, परंतु तिचा वास दार उघडल्यावर क्षणभर जाणवावा आणि नंतर विसरला जावा, इतकाच असावा. आठवड्याचा क्रम सोपा आहे: रविवारी मॅट झटकून उन्हात, खण आणि डिकीतील उरलासुरला खाऊ बाहेर, कोळशाची पिशवी गच्चीवर, चारही दारे अर्धा तास सताड उघडी. हे काम मुलांच्या हाती सोपवावे. मॅटखाली सापडणारी नाणी त्यांचीच.