हाताची चव

आमच्या मध्यमवर्गीय घरांतून एक समजूत अद्यापि मोठ्या भक्तिभावाने सांभाळली जात आहे. स्वयंपाक शिकवावा लागत नाही, तो बायकांच्या हातांत जन्मतःच असतो, आणि ज्या हातांत तो नसेल त्यांत तो कितीही शिकवून उतरत नाही, अशी ती समजूत होय. 'हाताला चव असते' हे तिचे सूत्र. ते ऐकावयास गोड असले तरी निखालस खोटे आहे. मुलीच्या अननुभवास ते दोष ठरविते आणि मुलाच्या अज्ञानास हक्क.

जिला आपण हाताची चव म्हणतो ती वास्तविक डोळ्यांची, कानांची आणि नाकाची कमाई असते. मोहरी तडतडेपर्यंत धीर धरावयाचा, पण हळद पडल्यावर क्षणाचाही विलंब लावावयाचा नाही, कारण ती करपली की कडवटते. जुना तांदूळ अधिक पाणी पितो, नव्यास तेवढेच घातले तर भाताचा गिचका होतो. तुरीची डाळ मऊ होण्यापूर्वी चिंच पडली तर आंबटामुळे ती शिजावयाचेच नाकारते. ज्वारीच्या पिठास कणकेचा चिवटपणा नाही, म्हणून ते कढत पाण्यात मळावे लागते. नाहीतर भाकरी थापतानाच चिरते. यांतले काहीही रक्तातून येत नाही. प्रत्येक गोष्टीस कारण आहे, आणि जिला कारण आहे ती गोष्ट सांगता येते.

मग ती सांगितली का जात नाही? मीठ किती घालू, असे विचारावे तर उत्तर ठरलेले : 'अंदाजाने घाल!' विचारणारापाशी अंदाज असता तर त्याने विचारले कशाला असते? अंदाज हे शिक्षणाचे फळ आहे. ते आपण बियाणे म्हणून हाती देतो आणि पीक आले नाही की शेतास बोल लावतो. यात माउलीचा अपराध नाही. तीही सासूची बोलणी खातच शिकली.

छापील आधार नव्हता असेही नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' 1875 साली निघाले. लक्ष्मीबाई धुरंधरांनी 1910 मध्ये 'गृहिणीमित्र' या ग्रंथात हजार पाकक्रिया दिल्या. 1970 साली कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने घरचीच वाटी आणि घरचाच चमचा ही मापे मानली, आणि ते पुस्तक कित्येक नववधूंच्या सामानातून सासरी गेले. चव उपजत असती तर ही पुस्तके विकत कोणी घेतली? हल्ली मोबाईलवरील चित्रफिती हे काम करतात. त्यांस आमचा विरोध नाही. मात्र चित्रफितीस करपल्याचा वास येत नाही.

आता मुलांविषयी. नळराजा पाकनिपुण होता, भीम विराटाघरी बल्लव म्हणून राबला, आणि आमच्या लग्नामुंजींच्या पंक्ती पिढ्यान्‌पिढ्या आचाऱ्यांनीच रांधल्या. म्हणजे जेथे कीर्ती किंवा बिदागी आहे तेथे पुरुषाच्या हातास चव येते, आणि घरच्या ओट्यापाशी ती अकस्मात नाहीशी होते! 'मुलाला अभ्यास असतो' हे उत्तर आम्हांस पाठ आहे. मुलीला काय असतो? ती पदवी घेते, नोकरी करते, आणि सायंकाळी दोघेही दमून परतली असता कुकर तिनेच लावावयाचा. या लाडाची खरी किंमत पुढे कळते. पत्नी निवर्तल्यावर, निवृत्तिवेतन भरपूर असूनही, सकाळच्या चहासाठी शेजारच्या दाराकडे पाहणारे सुशिक्षित वृद्ध आमच्या वाचकांच्या नात्यात एकही नसतील काय? त्यांस कोणी दुबळे केले? प्रेमानेच केले, हे खरे; पण केले.

आमची मागणी फार मोठी नाही. मूल दहाअकरा वर्षांचे झाले की, मुलगा असो वा मुलगी, आठवड्यातून दोन सायंकाळी भात-वरण त्याच्याकडे सोपवावे. वडील माणसाने जवळ उभे राहावे, विस्तव आणि वाफ यांची काळजी घ्यावी, विचारल्यास कारण सांगावे, आणि पळी हातातून काढून घेण्याचा मोह आवरावा. मीठ प्रथम चमच्याने मोजू द्यावे. चमचा पुढे आपोआप सुटेल. पहिले काही दिवस वरण खारट होईल, भात तळाला लागेल. तो घरातल्या सर्वांनी, आणि विशेषतः वडिलांनी, निमूटपणे खावा.