पानाची मांडणी कोणाला वाचता यावी?

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांत एक वाद नेहमी रंगतो. वेबपेजची मांडणी कशी लिहावी? स्वतंत्र शैलीपत्रकात आपापल्या नावांचे नियम रचून, की एचटीएमएलमध्येच जागच्या जागी छोटे छोटे 'युटिलिटी क्लास' लावून? बाहेरून पाहणाऱ्याला हा वाद पागोटे डावीकडे कलते असावे की उजवीकडे, अशा थाटाचा वाटेल. मला तो तसा वाटत नाही. आपण लिहिलेले पान आपल्यामागून येणाऱ्याला वाचता येईल की नाही, हा त्यातला खरा प्रश्न आहे, आणि म्हणूनच या अंकात त्याविषयी चार शब्द लिहावेत असे मला वाटले.

प्रथम जुन्या पक्षाची बाजू मांडणे न्यायाचे होईल. १९९४ साली होकोन व्हियुम ली यांनी सर्न येथे असताना सीएसएसची कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली पातळी अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. आशय एचटीएमएलमध्ये असावा आणि रूप सीएसएसमध्ये, हे त्यामागचे तत्त्व. २००३ साली डेव्ह शे यांनी 'सीएसएस झेन गार्डन' हा प्रयोग सुरू केला. तेच एचटीएमएल ठेवून केवळ शैलीपत्रक बदलले की पान ओळखू येणार नाही इतके पालटते, हे त्याने जगाला दाखवले. एचटीएमएलचे प्रमाण-लेखनही आजतागायत असाच सल्ला देते की क्लासचे नाव आशयाच्या स्वरूपावरून द्यावे, दिसण्यावरून नव्हे. या शिस्तीत वाढलेल्या आमच्या प्राध्यापकांना 'फ्लेक्स', 'गॅप-४' अशी नावे एचटीएमएलमध्ये पसरलेली पाहून खटकते, यात त्यांचे काही चुकत नाही.

परंतु तत्त्व ज्या परिस्थितीत जन्मले ती परिस्थिती आपली आहे काय, हेही पाहिले पाहिजे. झेन गार्डनमध्ये आशय स्थिर होता आणि रूप बदलत होते. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर नेमके उलटे घडते. रूप वर्षानुवर्षे तेच राहते. बदलतात त्या सूचना, वेळापत्रके, अर्जाच्या तारखा. आणखी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे पान सांभाळणारे हात. आमच्या विभागात हे काम शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी करतात आणि दर उन्हाळ्यात ते हात निघून जातात.

गेल्या वर्षीचीच गोष्ट सांगतो. शिष्यवृत्तीच्या सूचनेतील शेवटची तारीख फोनवर पाहिले असता पडद्याच्या उजव्या कडेबाहेर जात होती. संगणकावर ती व्यवस्थित दिसे, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. आपल्या कितीतरी मित्रमैत्रिणींजवळ फोनखेरीज दुसरे साधन नाही, आणि शिष्यवृत्तीची गरजही त्यांनाच अधिक असते. कारण शोधता शोधता आम्ही शैलीपत्रकापाशी पोहोचलो. रकान्याची रुंदी पिक्सेलमध्ये ठोकून बसवलेली होती. ती बदलावी, तर तोच नियम आणखी कोणत्या पानाला लागू आहे हे कळेना. नियम काढण्याचे धाडस कोणालाच नव्हते, म्हणून प्रत्येक तुकडीने जुना तसाच ठेवून खाली नवा जोडलेला. 'डावा-रकाना' नावाचा क्लास फोनवर वरच्या बाजूला दिसत होता! लिहिणारे हुशारच होते. पण त्यांनी दिलेल्या नावांचा अर्थ त्यांच्याबरोबरच निघून गेला होता.

युटिलिटी क्लास उपयोगी पडतात ते इथे. टेलविंड ही अशा क्लासची प्रसिद्ध चौकट २०१७ साली आली. त्या पद्धतीने दोन रकान्यांच्या डब्याला आपण 'फ्लेक्स', 'फ्लेक्स-कॉल', 'गॅप-४' आणि 'एमडी:फ्लेक्स-रो' असे चार क्लास लावले, की सारी हकीकत त्या एका ओळीत वाचता येते. घटक एकाखाली एक ठेवा, मध्ये साधारण १६ पिक्सेल अंतर सोडा आणि पडदा ७६८ पिक्सेल किंवा त्याहून रुंद असेल तर त्यांना शेजारी शेजारी आणा. शैलीपत्रक उघडावे लागत नाही. इथला क्लास काढला तर दुसऱ्या पानाला धक्का बसत नाही. शिवाय ही नावे कोणा एका तुकडीची खासगी नसल्यामुळे पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला ती आधीच ठाऊक असतात, निदान शोधून तरी सापडतात.

यावर कोणी म्हणेल, मग सरळ स्टाइल हा गुणधर्मच का लिहू नये? एक तर त्यात पडद्याच्या रुंदीची अट घालता येत नाही. दुसरे म्हणजे त्यात मोजमापाला धरबंध राहत नाही, कोणी १३ पिक्सेल सोडतो तर कोणी १७. पूर्वी छापखान्यात खिळे जुळवले जात तेव्हा ओळींमधले अंतर शिशाच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्यांनी राखले जाई. जुळारी दर ओळीला नवी जाडी शोधत बसत नसे, आणि म्हणून पान एकसारखे दिसे. युटिलिटी क्लासचे ठरावीक आकडे हेच काम करतात.

आपल्यासारख्या द्विभाषिक ठिकाणी तर लवचीक मांडणीला पर्याय नाही. मराठीतले 'परीक्षेचे वेळापत्रक' कन्नडात 'परीक्षा वेळापट्टी' होते. शब्दाची लांबी बदलते, अक्षराची रुंदीही बदलते. एका भाषेच्या मापाने कापलेला रकाना दुसरीला आखूड पडतो. 'फ्लेक्स-रॅप' लावले की न मावणारा घटक निमूटपणे पुढच्या ओळीत जातो.

असे असले तरी एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. क्लास पाठ करणारा विद्यार्थी फ्लेक्सबॉक्स शिकत नाही. 'जस्टिफाय' म्हणजे आडवे आणि 'आयटम्स' म्हणजे उभे, असे घोकलेल्या मुलाचे 'फ्लेक्स-कॉल' लावताच सगळे उलटे होते, कारण मुख्य अक्षच फिरलेला असतो. फ्लेक्समधला घटक आपल्यातील सर्वांत लांब अखंड शब्दापेक्षा अरुंद व्हायला आपणहून तयार नसतो. मग एखादा लांबलचक ईमेल पत्ता सबंध पान बाहेर ढकलतो आणि आपण कपाळाला हात लावतो. 'मिन-डब्ल्यू-०' लावून शब्द तोडण्याची मुभा दिली की काम भागते खरे, पण ते का भागले हे कळले नाही तर पुढच्या वेळी पुन्हा तीच गत!

'ऑर्डर'चे क्लास तर याहून फसवे. मराठी मजकूर आधी की कन्नड, यावर आपल्याकडे मतभेद व्हायला वेळ लागत नाही. या क्लासने डोळ्यांना दिसणारा क्रम चटकन बदलता येतो, पण पान मोठ्याने वाचून दाखवणारे साधन आणि कळफलकाची टॅब कळ एचटीएमएलमधल्या मूळ क्रमानेच चालतात. म्हणजे दृष्टिहीन विद्यार्थ्याला आपण एक पान देतो आणि बाकीच्यांना दुसरे. क्रमाचा निर्णय आशयातच घ्यावा, क्लासच्या आड लपवू नये.

तेव्हा माझे म्हणणे इतकेच. प्रयोगशाळेत पहिले काही तास फ्लेक्सबॉक्स हाताने, साध्या सीएसएसमध्ये लिहवून घ्यावा. दोन अक्ष एकदा अंगवळणी पडले की मांडणीचे काम युटिलिटी क्लासवर सोपवावे. 'सूचना', 'शेवटची-तारीख' अशी अर्थाची नावे मात्र आशयासाठी राखून ठेवावीत, आणि जो तुकडा दहा ठिकाणी लागतो त्याचा एकच साचा करावा, म्हणजे क्लासच्या लांबच लांब माळा दहादा लिहाव्या लागणार नाहीत. यात कोणत्याही पक्षाचा मोठासा पराभव होतो असे मला दिसत नाही.

यंदा संकेतस्थळाचे काम आमच्याकडून द्वितीय वर्षाच्या मित्रांकडे जाईल. नवी पाने या पद्धतीने लिहिण्यास विभागाने संमती द्यावी, अशी माझी गुरुजनांना विनंती आहे. ज्यांना हे विचार पटत नसतील त्यांनी पुढील अंकात, मराठी विभागात किंवा कन्नड विभागात, अवश्य उत्तर लिहावे.