कानांनी वाचणाऱ्यांसाठी

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकांची वाट घालून दिली. तेव्हापासून आपले अंक देखणे होत गेले, पण दृष्टिहीन वाचकाला त्यांतले बहुतेक अंक आजही स्वतःचे स्वतः वाचता येत नाहीत. कुणीतरी वाचून दाखवावे लागते, आणि ऐन दिवाळीत घरात कुणालाच सवड नसते. यंदा लिहायचे आहे ते या वाचकाविषयी.

असा वाचक मराठीत नाही, असे कुणी समजू नये. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, ते या वाचकाची भूक ओळखूनच. पण ब्रेलचा कागद जाड, अक्षर मोठे. नेहमीच्या एका दिवाळी अंकाचे ब्रेलमध्ये कित्येक खंड होतील. शिवाय मधुमेहाने किंवा काचबिंदूने पन्नाशी-साठीत दृष्टी गेलेल्या माणसाच्या बोटांना ब्रेल सहजी वळत नाही. आयुष्यभर दिवाळी अंक वाचत आलेला हाच वाचक. त्याचा आधार आता मोबाइल आणि संगणकातला स्क्रीन रीडर. पडद्यावरचा मजकूर तो मोठ्याने वाचून दाखवतो, आणि मराठीही वाचतो.

वाचतो, पण त्याला मजकूर मिळाला तर. आपल्याकडे घोडे अडते ते अक्षरजुळणीच्या टेबलावर. युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टांत पडद्यावर दिसते ते मराठी अक्षर. संगणकाच्या लेखी तिथे काही वेगळेच असते. त्यातल्या एका प्रचलित फॉन्टात डोळ्यांना 'क' दिसतो तिथे साठवलेला असतो इंग्रजी 'डी'. डोळस वाचकाला याचा पत्ताही लागत नाही. स्क्रीन रीडर मात्र जे साठवले आहे तेच वाचणार! मग कथेच्या पहिल्या वाक्यापासून कानावर पडतो तो इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन खच. पाने स्कॅन करून पीडीएफ केली असेल तर तेवढेही नाही, कारण ती नुसती चित्रे. वर्षभर खपून लिहिलेली कथा त्या वाचकापुरती लिहिलीच गेली नाही असे होते, आणि हे ठरते केवळ फॉन्ट निवडताना. मला हे फार लागते.

कायद्याची आडकाठी म्हणावी तर तीही नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाचे सुगम रूप करायला मुभा मिळाली. दृष्टिहीनांच्या वाचनासाठी झालेल्या माराकेश कराराला २०१४ साली सर्वांत आधी मान्यता दिली ती भारताने. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगमता हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. आता काम उरले आहे ते आम्हा छापणाऱ्यांचे.

यंदाच्या अंकाचा सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे दिसते तेच अक्षर साठवणाऱ्या पद्धतीत, जुळवला आहे, शीर्षके शीर्षके म्हणून नोंदवली आहेत, म्हणजे ऐकणाऱ्याला एका लेखावरून दुसऱ्यावर उडी मारता येईल. राशिभविष्याचा तक्ता मोडून साधी वाक्ये केली. तक्ता ऐकताना कुठला रकाना कुठल्या राशीचा हे ध्यानात राहत नाही. सर्वांत जास्त वेळ गेला तो व्यंगचित्रांच्या वर्णनांत. चित्रात काय आहे ते सांगायचे, पण विनोद आधीच फोडायचा नाही. अखेर ही वर्णने व्यंगचित्रकारांनीच लिहिली, आणि चेहऱ्यावरचा भाव आधी सांगायचा की हातातली वस्तू, यावर त्यांच्यात मनापासून वाद झाले. जाहिरातींचा मजकूरही घेतला आहे. साडीवरची सूट कुणाला नको असते?

अंकाबाहेरही बरेच काही असेच आधी कुणीतरी ठरवलेले असते. जुन्या मालिकेत शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती आणि पाचशेची १६७. फरक बोटांना कळे. नव्या मालिकेत दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०, रुंदी दोन्हींची ६६. चार मिलिमीटरवर दृष्टिहीन माणसाने झेंडूच्या फुलांचा हिशेब करायचा. नोट ओळखणारे रिझर्व्ह बँकेचे 'मनी' हे ॲप २०२० पासून आहे, पण बाजाराच्या गर्दीत एका हातात काठी आणि दुसऱ्यात पिशवी असताना मोबाइल कुठे धरायचा? उलट वीस रुपयांचे नाणे बारा कडांचे केले, ते चिमटीत धरताच कळते. लोकलमध्ये 'पुढील स्टेशन दादर' ऐकू येते, त्याचा उपयोग तर दाराशी चेंगरलेल्या प्रत्येकाला होतो.

दिवाळीच्या चार दिवसांपुरतेही थोडे सांगायला हवे. पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडणारा माणूस वाहनांच्या आवाजावर चालतो. फटाक्यांची माळ लागली की त्याला रस्ता कळेनासा होतो. काठीला जमिनीवरचा खड्डा कळतो, डोक्याच्या उंचीवर टांगलेला कंदील कळत नाही. आणि शुभेच्छांचे नुसते चित्र पाठवले तर मोबाइल त्याला बहुधा 'इमेज' एवढेच सांगतो. खाली दोन ओळी लिहा, नाव घालून.

स्क्रीन रीडरवर वाचता येणारी या अंकाची प्रत छापील अंक विकत घेणाऱ्याला वेगळे पैसे न घेता मिळेल, नुसती तीच हवी असेल तर तीही मागवता येईल. ऐकताना जिथे अडखळायला होईल ते पान आम्हाला कळवा. दुरुस्त केलेली प्रत तुळशीच्या लग्नापर्यंत पुन्हा पाठवू.